काळं म्हणजे थंड नव्हे

खोतांच्या कारखान्यात आता लोखंड लाल होत नव्हतं. सकाळच्या पाळीला प्रेस धाडकन खाली यायची, साच्यातून ट्रॅक्टरच्या चाकाचा आस बाहेर पडायचा, आणि तो असायचा काळा-करडा, गोदामातून नुकताच उचलून आणल्यासारखा. ठिणग्या नाहीत, भगभग नाही, तोंडावर येणारी ती कोरडी झळ नाही. शेडमध्ये ऐन उकाड्यात माणसं अंगात शर्ट घालून काम करत होती, आणि याबद्दल शर्वाणी मगदूमला कुणीही एका शब्दानं बरं म्हटलं नव्हतं.

बरं म्हणणं सोडाच. तिच्या स्टुलावर रोज न चुकता कुणीतरी ग्रीसचं बोट फिरवून ठेवी. चहाची किटली सगळ्या शेडमधून फिरून तिच्यापर्यंत येई तेव्हा तळाशी नुसता गाळ उरलेला असे. तिनं कुणाला काही विचारलं, की समोरचा माणूस तिच्या खांद्यावरून मागे बघत उत्तर देई. मिरजेची ही चोवीस वर्षांची मुलगी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून एक यंत्र घेऊन कोल्हापूरजवळच्या या औद्योगिक वसाहतीत आली होती आणि तीन महिन्यांत तिनं चौतीस वर्षं पेटती असलेली भट्टी विझवायला घेतली होती. माणसं चिडणार नाहीत तर काय करतील?

खरं तर तिच्या यंत्राची गरज मालकांपेक्षा कामगारांना जास्त होती. सरकारनं प्रत्येक कारखान्याला तापकोटा ठरवून दिल्याला दोन वर्षं झाली होती. महिन्याला अमुक इतकीच ऊर्जा. ती संपली की मीटर आपोआप बंद. खोतांची भट्टी आपला कोटा एकोणीस-वीस तारखेपर्यंत खाऊन टाकायची आणि पुढचे दहा-अकरा दिवस माणसं घरी बसायची. शर्वाणीचं यंत्र तेच काम तिसऱ्या हिश्श्याहून कमी ऊर्जेत करत होतं. महिनाभर प्रेस चालली असती.

"लोखंड बाराशे अंशांपर्यंत का तापवायचं?" पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना गोळा करून विचारलं होतं.

"मऊ व्हाया," प्रेसवरचा रंगराव पोवार म्हणाला.

"बरोबर. पण मऊ व्हायला नुसती उष्णताच लागते असं कुणी सांगितलं?" तिनं गज तांब्याच्या दोन जबड्यांमध्ये धरला. "लोखंडात आत थर असतात. प्रेस दाबते तेव्हा ते एकमेकांवरून सरकतात आणि मध्येच अडतात. भट्टीत आपण सगळं लोखंड तापवतो, ते या अडलेल्या जागा सुटाव्यात म्हणून. मी सगळं तापवत नाही. दाब पडतो त्याच क्षणी विजेची हजारो स्पंदनं आत सोडते. ती फक्त अडलेल्या जागी धक्का देतात. चारशे तीस अंशांवर काम होतं."

जबडे मिटले, कुठेतरी भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज आला, प्रेस पडली. काळ्या गजाचा काळा आस झाला. रंगराव तोंड उघडं टाकून बघत राहिला. या पद्धतीला तिनं आपल्या प्रबंधात 'स्पंदतापन' असं नाव दिलं होतं. शेडमध्ये दुसऱ्याच दिवशी त्या यंत्राचं नाव 'आंधळी' पडलं.

हे नाव ठेवलं होतं हिंदुराव चौगल्यांनी. हिंदुराव मिस्त्री भट्टीवरचे. लोखंड भट्टीतून कधी काढायचं हे या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांचा डोळा ठरवत आला होता. रक्ती, गाजरी, केशरी, लिंबू असे त्यांचे रंग होते, आणि केशरी सुटून लिंबू लागण्याच्या अध्येमध्ये एक असा क्षण होता, की ते नुसतं "हं" म्हणत आणि सांडशी आत जाई. नवीन माणसाला ते पहिला महिनाभर फक्त बघायला उभं करत. हात लावू देत नसत.

शर्वाणीनं त्यांची परीक्षा घेतली. घ्यायची गरज नव्हती, पण प्रबंधात जुन्या पद्धतीशी तुलना हवी होती. तिनं तापमापक आपल्याकडे वळवून धरला आणि भट्टीवरच्या पाचही जणांना आळीपाळीनं तापमान विचारलं. हिंदुराव म्हणाले, "अकराशे ऐंशी." मापकावर अकराशे अठ्ठ्याऐंशी होतं. बाकीच्या चौघांचे अंदाज शंभर-दीडशेनं चुकले. तिनं पाचांच्या चुकांची सरासरी काढली आणि अहवालात लिहिलं, 'मानवी डोळ्याचा अंदाज विश्वासार्ह नाही.' वाक्य गणितानं खरं होतं आणि माणसाच्या दृष्टीनं हलकट होतं. खोत मालकांनी मोठ्या कौतुकानं तो अहवाल जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवला.

हिंदुरावांनी भाकरी गुंडाळून डब्यात ठेवली आणि ते उठून गेले. त्यानंतर ते तिच्याशी एकदाच आपणहून बोलायला आले.

"मॅडम, ह्याला रंग द्या."

"कशाला?"

"लोखंडाला. तापल्यालं लोखंड सांगतंय, मी तापलोय म्हणून. लांबनं कळतंय. तुमचं हे सांगत न्हाई. चारशे अंशाचा नग पेटीत पडलाय आणि त्येच्या शेजारी कालचा गार नग पडलाय. वळकायचा कसा?"

प्रश्न बरोबर होता, आणि शर्वाणीकडे त्याचं उत्तरही होतं. तापरंगाचा लेप मिळत होता. गरम असताना तो भडक जांभळा व्हायचा, निवला की पांढरा. पण लेप लावायचा म्हणजे प्रत्येक गज आधी वाळवून घ्यायचा, आणि त्या वाळवणाला ऊर्जा लागायची. तिनं हिशेब केला होता. बचत एकाहत्तर टक्क्यांवरून अडुसष्टवर येत होती. ऊर्जा खात्याची मान्यता मिळायला सत्तर टक्के बचत हवी होती, आणि सलग नव्वद दिवस, पुढे कागदावर सही होईपर्यंत, कारखान्यात एकही अपघात नको होता. ती मान्यता मिळाली की तिची पदवी पक्की, आणि या वसाहतीतल्या दोनशे कारखान्यांत आंधळी बसणार होती.

"आपण फलक लावू," ती म्हणाली.

तिनं खरंच फलक लावला. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं: 'काळं म्हणजे थंड नव्हे.' हिंदुरावांनी तो वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि तंबाखूची पिंक टाकायला बाहेर गेले.

मग चौदा तारीख आली. चाचणीचा शहात्तरावा दिवस. शर्वाणी काचेच्या केबिनमध्ये बसून आलेख बघत होती. रंगराव नाकारलेल्या नगांच्या पेटीत वाकला होता. एकाएकी शेडच्या दुसऱ्या टोकाहून हिंदुरावांची आरोळी आली, "रंग्या! हात काड!" रंगरावनं झटक्यात हात वर घेतला. हातमोज्यातून धूर निघत होता. त्यानं मोजा काढून भिरकावला, पाण्याच्या बादलीत हात बुडवला, एक सणसणीत शिवी हासडली आणि मग हसला. तळव्यावर लाल डागसुद्धा नव्हता. अर्ध्या मिनिटात शेड पुन्हा कामाला लागली.

रोजच्या नोंदवहीत 'दुर्घटना' असा एक रकाना होता; थोडक्यात टळलेलीही त्यात धरायची होती. शर्वाणीनं त्यात त्या दिवशी शून्य लिहिलं. दुखापत झाली नव्हती, मग नोंद कशाची करायची? तिनं स्वतःला असं समजावलं आणि ते तिला पटलंही. पटवून घेण्यात ती हुशार होती.

नव्वद दिवस निर्विघ्न पार पडले. त्याच आठवड्यात खंडेनवमी होती.

खोतांच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालतात आणि फक्त एकच नग घडवतात. त्याला मानाचा नग म्हणतात. तो दगडी पाटावर ठेवायचा आणि निवायची वाट बघत बसायचं. लाल नग काळा होईपर्यंत पेढे वाटून होतात, गप्पा होतात, गेल्या वर्षी कोण कोण वारलं याची उजळणी होते. पण काळा झाला म्हणून कुणी लगेच हात लावत नाही. भट्टीवाला तांब्याच्या लोट्यातून पाण्याचे चार थेंब त्यावर टाकतो. थेंब चरचरले तर अजून थांबायचं. नुसते ओघळले, की मान असलेल्या माणसानं हळदीत भिजवलेला पंजा त्यावर उमटवायचा. मग तो नग वर्षभर ऑफिसात काचेच्या कपाटात राहतो. लोट्याचा मान हिंदुरावांचा होता.

या वर्षी पंजाचा मान मालकांनी शर्वाणीला दिला. ऊर्जा खात्याचे दोन अधिकारी मान्यतेचा कागद घेऊन आले होते. फक्त शेवटची सही राहिली होती, आणि ती पूजेनंतर सगळ्यांसमोर व्हायची होती. खोत सोनेरी काठाचा फेटा बांधून मिरवत होते. शर्वाणी आईची हिरवी साडी नेसून आली होती. तिच्या स्टुलावर आज ग्रीस नव्हतं, कारण ते स्टूल एका अधिकाऱ्याला बसायला दिलं होतं.

मानाचा नग आंधळीतून निघाला. काळाच. रंगरावनं तो सांडशीनं पाटावर ठेवला. लाल काही नव्हतंच, त्यामुळे वाट कशाची बघायची हे कुणाला उमगेना. दरवर्षी रंग उतरत जायचा आणि त्याबरोबर माणसं पुढे सरकायची. यंदा माणसं आधीच पाटाभोवती जमली होती. यंत्राच्या पडद्यावर नगाचं तापमान दिसत होतं, पण पडद्यावरून कुणीतरी भक्तिभावानं झेंडूची जाडजूड माळ सोडली होती.

"या मॅडम, या!" खोत म्हणाले. "साहेबांना पुढं निघायचंय."

शर्वाणीनं हळदीच्या ताटात उजवा हात बुडवला. अधिकारी मोबाइल उचलून छायाचित्र घ्यायच्या तयारीत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, हसली. समोर पाटावर करडं, शांत, थंड दिसणारं लोखंड होतं. तिला त्याचं तापमान जगात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. पण हाताला आकडे कळत नाहीत, हात डोळ्याचं ऐकतो. हिंदुराव लोटा हातात घेऊन पाटाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी पाणी टाकलं असेल असं तिनं गृहीत धरलं, कारण ते दरवर्षी टाकत.

पंजा नगावर टेकला. ओल्या हळदीचा चर्रर्र आवाज झाला, पिवळी वाफ उठली, आणि मग ती किंचाळली.

मांडीची कातडी काढून तळव्यावर बसवावी लागली. दोन बोटं वाकेनात. डॉक्टर म्हणाले, व्यायामानं बघू. आई उशाशी बसून रडायची आणि शर्वाणी छताकडे बघत एकच गोष्ट घोळवायची: लोटा भरलेला होता. ती पडली तेव्हा हिंदुरावांच्या हातातला लोटा फरशीवर आपटला आणि त्यातलं सगळं पाणी तिच्या साडीवर सांडलं. एक थेंबसुद्धा आधी पडलेला नव्हता.

तीन आठवड्यांनी चौकशी लागली. कारखान्याच्या ऑफिसाबाहेर एका लांब बाकाच्या एका टोकाला शर्वाणी बसली होती, हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या टोकाला हिंदुराव, मांडीवर टोपी. मध्ये दोन माणसांची जागा मोकळी. दुपारचे बारा वाजत आले होते आणि दाराच्या काचेतून आतल्या कपाटातला मानाचा नग दिसत होता. त्यावर अर्धाच पंजा उमटला होता, करपलेला, तपकिरी. तो कपाटात कुणी ठेवला हे विचारायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

खोतांनी सकाळीच दोघांना स्वतंत्रपणे गाठून समजावलं होतं. हा कामातला अपघात नाही, पूजेतला आहे. पूजेतला धरला तर नव्वद दिवसांना धक्का लागत नाही, मान्यता येते, महिनाभर प्रेस चालते. मिस्त्रींनी फक्त एवढंच म्हणायचं की गडबडीत विसरलो. मॅडमनी म्हणायचं की माझी तक्रार नाही. बस्स.

"तुम्ही पाणी का टाकलं नाहीत?" शर्वाणी समोर बघत म्हणाली.

"इसरलो म्हणून सांगा म्हणालेत मालक."

"मी मालकांना विचारत नाहीये."

हिंदुरावांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "इसरलो न्हाई. लोटा हातात हुता. तुमचा हात निघाला तवा मी बघत हुतो. 'थांबा' म्हणायचं एवढंच. शब्द तोंडात आला हुता. गिळला."

तिला वाटलं होतं की हे ऐकून तिला रडू येईल. तिला नुसता संताप आला. डावा हात उचलून त्या म्हाताऱ्या तोंडावर मारावा इतका.

"का?"

"वाटलं, बसू दे एक चटका. म्हंजे कळंल." त्यांनी टोपीवरची धूळ झटकली. "एवढं जळंल असं वाटलं न्हवतं." पुन्हा झटकली. "न्हाई, ते बी खोटं हाय. लोखंड मला कळतंय. किती जळंल ते कळत हुतं."

"माझी बोटं गेली, मिस्त्री."

"बघतोय."

"मी आत जाऊन हे सगळं सांगणार आहे. तुम्हाला काढतील. पोलीससुद्धा येतील."

"सांगा. सांगायलाच पायजे." त्यांचा आवाज जराही मऊ झाला नव्हता. त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे मान वळवली. "पण मला एक सांग. माझ्या जागी तू असतीस, तर वरडली असतीस का?"

"म्हणजे काय? अर्थात मी..."

हिंदुराव तिच्याकडे बघतच होते. भट्टीच्या उजेडाकडे चौतीस वर्षं बघून बारीक झालेले डोळे, आठ अंशांपलीकडे न चुकणारे.

"चौदा तारीख," ते म्हणाले. "रंग्या पेटीत वाकला हुता. तू काचेमागं हुतीस. पेटी तुझ्या समोर, दहा फुटांवर. मी पार तिकडं भट्टीपाशी. नग आत्ताच टाकलाय हे तुला ठाव हुतं. तुझा हात काचेवर मारायला वर झाल्याला मला दिसला. आणि खाली आल्याला बी दिसला. मग मी वरडलो."

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. काचेवर हात मारला असता तर सगळी शेड वळून बघणार होती. रंगराव का थांबला, पेटीत काय होतं, हे विचारणार होती. ते लिहावं लागलं असतं. शहात्तर दिवस पुसले जाऊन पुन्हा एकपासून सुरुवात झाली असती. एवढा सगळा विचार एका श्वासात झाला होता आणि तेवढ्यात हात आपोआप खाली आला होता. मोजा होता त्याच्या हातात, असं तिनं नंतर मनाला सांगितलं. मोजा होता म्हणून काय झालं? मोज्यातून धूर निघाला होता.

"मला तुमची लाज वाटते," ती म्हणाली, आणि आपण हे नेमकं कुणाला म्हणालो ते तिला कळेना.

"वाटू दे."

आत टंकलेखनाचा आवाज थांबला. पलीकडच्या शेडमधून प्रेस पडल्याचा दणका आला, मग गुणगुण, मग पुन्हा दणका. आंधळी चालूच होती. रंगराव तिथेच उभा होता, आणि डोक्यावर तिचा पिवळा फलक होता. मान्यता आली तर पुढच्या महिन्यापासून अशीच दोनशे यंत्रं दोनशे शेडमध्ये काळा माल पेट्यांत टाकणार होती. चौदा तारखेची गोष्ट आत सांगितली तर ती मान्यता आजच फाटणार होती, तिची पदवीही तिच्याबरोबर. मग कोटा संपला की अकरा दिवस माणसं पुन्हा घरी. न सांगितली तर लोट्याची गोष्ट तेवढी राहणार होती: एका खुनशी म्हाताऱ्यानं सूड घेतला, यंत्राचा काही दोष नाही. खोतांना ही गोष्टही चालली असती. ती खोटीसुद्धा नव्हती.

शर्वाणीनं पिशवीतून नोंदवही काढली. डाव्या हातानं पानं उलटायला वेळ लागत होता. हिंदुरावांनी मदत केली नाही, तिनं मागितलीही नाही. चौदा तारखेचं पान सापडलं. रकान्यातलं शून्य तिनं किती सुबक काढलं होतं.

"लोट्याचं तुम्ही स्वतः सांगणार?" तिनं विचारलं.

"तुझ्या वहीचं तू सांगणार?"

दार करकरलं. चौकशीला आलेल्या साहेबांचा शिपाई हातात नावांचा कागद घेऊन बाहेर आला. त्यानं बाकाच्या एका टोकाकडं पाहिलं, मग दुसऱ्या टोकाकडं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दोगांची नावं एकाच ओळीत ल्हिलीत," तो म्हणाला. "आदी कोण येतंय आत?"